हरेशचे पेढे

"तू जाणार आहेस की नाही, एवढंच सांग," मी म्हटलं.

"गणपती झाल्यावर जाईन," प्रणाली म्हणाली आणि मान खाली घालून उंदराच्या शेपटीला रंग देत बसली.

"कॉलेज काय तुझ्या गणपतीसाठी थांबणार आहे? शनिवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला जाईल, असं तूच मला वाचून दाखवलंस ना?"

"दाखवलं."

"मग?"

"मग काही नाही, आजी. एकशेचाळीस मूर्तींचे डोळे बाकी आहेत. तू एकटी काय काय करशील?"

"एकटी? बावीस वर्षं कोण करतंय? तू तेव्हा जन्माला तरी आली होतीस का गो?"

तिनं उंदीर फळीवर ठेवला आणि दुसरा उचलला. पोरगी कधी उलट बोलत नाही, पण ऐकतही नाही. हा गुण तिनं माझ्याकडून उचलला असं माझी सून म्हणते. अर्थात, मी समोर नसताना.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पेणजवळ आमचं गाव आणि गावात घराघराला गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे भोंगा आणि धुराडं नव्हे. पत्र्याची लांब शेड, आत फळ्यांवर रांगेनं गणपती, आणि माणसं कोपरापर्यंत रंगलेली. मूर्ती साच्यातून निघते, अंग कुणीही रंगवतं. डोळे मात्र सगळ्यांच्या हाताला येत नाहीत. त्याला आम्ही आखणी म्हणतो. बुबुळ, वरच्या पापणीची रेघ, कोपऱ्यातली जराशी लाली. श्वास रोखून एका दमात रेघ ओढायची. मध्ये थांबलात की गणपती चकणा झाला. आमचे हे गेले तेव्हापासून आमच्या शेडमधल्या एकूण एक गणपतीला नजर मी दिली. शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत. चौथीच्या मास्तरांचं नशीब चांगलं, माझ्या तोंडाला लागायची पाळी त्यांच्यावर आली नाही.

पण नात बारावी झाली. हायस्कूलातून निघालेली तिच्या बरोबरीची पोरं कुठं कुठं गेली ते मला पाठ होतं, कारण मी रोज विचारायचे. नाईकांचा सुजय आयटीआयला, म्हात्र्यांची पल्लवी नर्सिंगला, पोस्टमनचा पोर बंदरावर क्रेन शिकायला. आणि आमची प्रणाली मुंबईला, डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचं शिक्षण घ्यायला, चांगलं चार वर्षांचं. मी गावभर 'डोळ्यांची डॉक्टर' म्हणून सांगितलं होतं. ते डॉक्टरचं शिक्षण नव्हे हे प्रणालीनं मला तीनदा समजावलं. तीनदाही मी नीट ऐकून घेतलं आणि बाहेर जाऊन डॉक्टरच सांगितलं.

तर अशी पोरगी हातातली जागा सोडून उंदरांच्या शेपट्या रंगवत बसलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

त्या वर्षी माझं डोकं तसंही ठिकाणावर नव्हतं. ब्रश वाईट आले होते, रेघ मनासारखी उतरेना. तीन वेळा दुकानदाराच्या अंगावर फेकून बदलून आणले. शेडमधले बल्ब मिणमिणते, म्हणून भास्करकडून, म्हणजे माझ्या मुलाकडून, दोन मोठे दिवे लावून घेतले. तेही तसलेच निघाले. वीज कंपनी, दुकानदार, भास्कर, कुणालाही मी सोडलं नाही.

समोरचा कारखाना माझ्या धाकट्या जावेचा, हिराचा. दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. कारण होता तिचा मुलगा हरेश. नात्यानं हा प्रणालीचा काका, वयानं तिच्याहून एका वर्षानं मोठा, आणि दहावीत एकदा आपटल्यामुळे तिच्याच वर्गात येऊन बसलेला. ती त्याला भर वर्गात काका म्हणायची. मग सगळा वर्ग काका म्हणायला लागला, आणि एकदा चुकून मास्तरही म्हणाले. निकाल लागला तेव्हा प्रणालीला एक्याऐंशी टक्के पडले आणि हरेश पुन्हा आपटला. मी पेढे घेऊन गल्लीत निघाले. हिराच्या दारात उभी राहून चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "घे गो हिरा, खा. तुझ्या हरेशचे पेढे आम्हाला कधी मिळायचे? का त्याची पोरं दहावीला बसली की एकदमच वाटणार आहेस?"

हिरानं पेढा घेतला नाही, दार लावलं. ते दोन वर्षं लागलेलंच होतं.

हरेशनं शाळा सोडली आणि ब्रश धरला. दुसऱ्यांच्या कारखान्यांत जाऊन आखणी करायचा. हात चांगला आहे असं लोक म्हणायचे. मी म्हणायचे, "दहावी नापासानं काढलेले डोळे. गणपती उद्या पाढे विसरायचा."

त्या गुरुवारी सकाळी अलिबागचे एक जुने गिऱ्हाईक आले, दामले गुरुजी. दरवर्षी मूर्ती आमच्याकडचीच. गणपती हातात घेतला आणि बघतच राहिले.

"द्वारकाबाई, यंदा डोळे काय उतरलेत! कुठंही उभं राहा, माझ्याकडेच बघतोय."

"हात आहे तो, गुरुजी," मी रस्त्याकडे तोंड करून म्हटलं. समोर हिरा ओट्यावर साचे पुशीत बसली होती. "बावीस वर्षांचा हात. शाळेतून पळून आलेल्यांचं काम नव्हे हे."

हिरानं काही ऐकलंच नाही असं दाखवलं. पण पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडली. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं मला.

जेवण झालं की दोन ते चार मी आडवी होते. कारखान्यात आग लागली तरी उठवायचं नाही हा घरचा नियम. त्या दिवशी पावणेतीनला वीज गेली, पंखा थांबला आणि घामानं माझी झोप उडाली. सून साच्यांच्या खोलीत होती, भास्कर टेम्पो घेऊन पनवेलला. म्हटलं चला, आता उजेड दिव्यांचा नाही तर दाराचा, चार डोळे करून टाकू. अनवाणीच शेडकडे गेले.

आत प्रणाली ओल्या कापडानं एका गणपतीचे डोळे पुसत होती. मी सकाळी आखलेले डोळे! आणि माझ्या पाटावर, माझा ब्रश हातात धरून, मागच्या दाराकडे पाठ करून बसला होता हरेश.

"चोरा!" मी ओरडले.

ब्रश हातातून सुटला नाही त्याचा. मान न वळवता म्हणाला, "मोठी आई, रेघ पुरी होईस्तोवर थांब. हात हलेल."

मी थांबले. आखणीवाल्याला मध्ये तोडायचं नसतं, हे रक्तातच आहे. रेघ पुरी झाली, त्यानं श्वास सोडला, आणि मग मी सोडलं माझं तोंड.

"माझ्या शेडमध्ये? माझ्या पाटावर? माझे डोळे पुसून? आणि तू गो, घरभेदी! तुला मी डॉक्टर करायला निघाले आणि तू याला मागच्या दारानं आत घेतेस?"

"आजी, हळू. गल्ली ऐकतेय."

"ऐकू दे! काय वाईट होतं गो माझ्या डोळ्यांत?"

सकाळच्या रांगेतला, अजून न पुसलेला एक गणपती प्रणालीनं उचलला आणि दारातल्या उजेडात माझ्यासमोर धरला.

"बघ. कसा आहे?"

"उत्तम आहे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. मीच केलाय, उत्तमच असणार."

"हरेशकाका, तू सांग."

हरेशनं जमिनीकडे बघितलं. "एक डोळा दाराकडे बघतोय, मोठी आई. आणि दुसरा... दुसरा जरा कपाळावर चढलाय."

"तुझा बाप चढलाय कपाळावर!"

तेव्हा प्रणालीनं माझ्या डाव्या डोळ्यावर तिचा तळहात ठेवला. अलगद, जसा ती लहान असताना मी तिच्या डोळ्यांवर ठेवायचे, कोण आलंय ओळख म्हणून. दुसरा हात समोर धरला.

"बोटं किती?"

मला बोटं दिसली नाहीत. हात दिसला नाही. दारातून येणारा उजेड दिसला, दुधात पाणी घातल्यासारखा, आणि त्यात काहीतरी हलत होतं.

"तीन," मी म्हटलं.

"मूठ आहे, आजी."

मी पाटावर बसले. माझ्याच पाटावर. हरेश उठून बाजूला झाला होता.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"रंगकाम सुरू झाल्यापासून," हरेश म्हणाला. "रोज दोन ते चार. तू सकाळी जेवढे करतेस तेवढे दुपारी मी पुसून करतो."

"म्हणजे दामले गुरुजींनी बघितले ते..."

"त्यांचे परवाच केले."

मी प्रणालीकडे बघितलं. "आणि म्हणून तू जात नाहीस."

"मी गेले तर याला आत कोण घेणार? बाबा? ते तुझ्यासमोर शिंकायलाही भितात. तू सगळ्या मूर्ती तशाच दिल्या असत्यास आणि गावात..." ती थांबली. "तुझं नाव आहे ना आजी, एवढं."

"आणि तुला रे काय पडलं होतं?" मी हरेशवर घसरले. कुणावर तरी घसरायलाच हवं होतं. "एवढं बोलले मी तुला."

त्यानं ब्रश पाण्यात बुडवला, टोक ओठांनी सारखं केलं. माझीच सवय. "ही मला वर्षभर गणित शिकवत होती. वर्गातल्या सगळ्यांनी नाद सोडला, मास्तरांनी सोडला, हिनं नाही. गणित काही आलं नाही, तो भाग वेगळा." मग म्हणाला, "आणि आखणी मी कुठं शिकलो असं वाटतं तुला? भांडण व्हायच्या आधी रोज शाळेतून आलो की इथं दाराशी बसायचो. तू हाकलायचीस, मी पुन्हा बसायचो."

ते मला आठवत होतं. मला वाटायचं, पोरगा खाऊसाठी बसतो.

गुरुवार होता. शनिवार परवावर. मी उठले, तोंडावर पाणी मारलं, चांगलं पातळ नेसले आणि नाक्यावर गेले. हलवायाकडून पाव किलो पेढे घेतले आणि तशीच हिराच्या दारात जाऊन उभी राहिले. गल्लीत कामं चालली होती, ती एकेक करून थांबली.

हिरा दारात आली. आत ये म्हणाली नाही.

"हे काय, ताई? वाट चुकलात?"

"पेढे आणलेत."

"प्रणालीचे? ते तर बारावीच्या निकालाला वाटलेत ना तुम्ही, आमचं घर सोडून."

"प्रणालीचे नाहीत. हरेशचे."

"अगं बाई! हरेश पास झाला? कुणी घेतली त्याची परीक्षा?"

मजा घेत होती. मी तिच्या जागी असते तर यापेक्षा जास्त घेतली असती, म्हणून गिळलं. "माझ्या उरलेल्या गणपतींची आखणी त्यानं करावी. पुढच्या दारानं येऊन. पोरीला शनिवारी जायचंय. तू हो म्हण."

"म्हणते की," हिरा म्हणाली. "पण ताई, दोन वर्षांमागे याच दारात तुम्ही काय म्हणालात ते शेवटच्या घरापर्यंत गेलं होतं. आणि आत्ता कशा माझ्या कानात पुटपुटताय."

"मग काय दवंडी पिटू?"

"बघा बाई. आवाज तर देवानं दिलाय तुम्हाला."

मी मागे वळले. प्रणाली आमच्या ओट्यावर उभी होती, हाताला अजून रंग. अख्खा जन्म मी त्या गल्लीत मान ताठ ठेवून चालले होते. ती मान मला तेव्हा जरा जड झाली. पण मग मनात आलं, करायचंच आहे तर अर्धवट कशाला करा?

"ऐका रे सगळे!" मी ओरडले. "यंदा माझ्या शेडमधल्या गणपतींचे डोळे माझे नाहीत! माझी नजर गेलीय! ते डोळे हिराच्या हरेशनं काढलेत, आणि ते माझ्यापेक्षा... ते माझ्याइतकेच चांगले आहेत!"

पलीकडच्या शेडमधून नाईकांचा म्हातारा ओरडला, "ठाऊक आहे, द्वारकाबाई!"

"काय ठाऊक आहे?"

"सगळ्यांना ठाऊक आहे, काकी!" म्हात्र्यांची सून खिडकीतून म्हणाली. "दोनच्या ठोक्याला तुम्ही आडव्या झालात की आमची पोरं हरेशला हाक मारतात, झोपली झोपली म्हणून!"

सगळी गल्ली हसायला लागली. मी हिराकडे वळले. तिनं पुन्हा पदर तोंडाला लावला होता, आणि आता मला जवळून दिसलं की सकाळीसुद्धा ती रडत नव्हती.

"तुलाही ठाऊक होतं?"

"मी नाही तर कोण? रोज चहा पाजून मीच धाडते त्याला. उपाशीपोटी हात थरथरतो पोराचा."

"भवाने! मग मला बोंबलायला कशाला लावलंस?"

"दोन वर्षं वाट बघितली, ताई," हिरा म्हणाली, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "या आत. चहा ठेवते. आणि आणा ते पेढे इकडे, पोराच्या हातात द्या."

हरेशनं पेढा घेतला, वाकून माझ्या पाया पडला. मी म्हटलं, "उद्या सकाळी आठला ये. पाट माझा, ब्रश माझे. आणि गणपतीच्या डोळ्याच्या कोपऱ्यातली लाली तू जास्त लावतोस, रडल्यासारखा दिसतो."

"तुला दिसली?" तो म्हणाला.

"दिसायला कशाला पाहिजे? तू लहानपणापासून जास्तच लावतोस."

शनिवारी सकाळच्या एसटीला प्रणालीला बसवायला मी स्टँडवर गेले. पोरगी खिडकीत बसली, मी खाली. मला एक गोष्ट डाचत होती.

"काय गो, एवढे शंभर कोर्स असतात म्हणतेस. हाच कसा सापडला तुला? डोळ्यांचा?"

ती हसायला लागली. "धुळवडीला तू मला रंग लावायला आलीस, आठवतं? हसत हसत आलीस आणि अंगणातल्या खांबाला लावून गेलीस. वर त्याला म्हणालीस, माझी गुणाची नात ती. मी बाजूलाच उभी होते."

"मुद्दाम लावला होता मी!"

"हो का?"

"खांब पण घरचाच आहे."

गाडी सुटली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवला. आता माझ्या नजरेत ती फार लवकर दिसेनाशी झाली, म्हणून मी आवाज ऐकू येईस्तोवर हलवला.

दिवाळी झाल्यावर तिनंच पुढं होऊन माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. आज पेणच्या बाजारपेठेत तिचं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे. हरेश आमच्या दोन्ही कारखान्यांची आखणी बघतो. समोरासमोरची दारं आता दिवसभर उघडी असतात. भांडायला सोपं जातं.

दर सहा महिन्यांनी प्रणाली मला खुर्चीत बसवून डोळे तपासते. पहिल्यांदा भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. माझा नंबर यायच्या आधी बाकावर बसून दुसऱ्यांनी वाचलेला तो मी पाठ केला, आणि खुर्चीत बसल्यावर डोळे मिटून म्हणून दाखवला. तिसरी शिकलेल्या बाईनं अक्षरांत अडावं हे मला पटणारं नव्हतं. पुढच्या वेळी गेले तर अक्षरं गायब. त्या जागी हरेशनं काढलेला तक्ता. वर गणपतीचा एक भलामोठा डोळा, खाली दोन, मग तीन, लहान लहान होत गेलेले. कुणी डावीकडे बघतोय, कुणी उजवीकडे. पाठ होऊ नये म्हणून प्रणाली तक्ता उलटासुलटा करते.

गेल्या महिन्यात तिनं नेहमीसारखी पट्टी फिरवत नेली. मी सांगत गेले, डावीकडे, उजवीकडे, समोर. शेवटच्या ओळीत मोहरीएवढे डोळे. तिथं मी थांबले.

"नाही दिसत, आजी? राहू दे."

"दिसतोय. उजवीकडे बघतोय. पण वरच्या पापणीला तुझ्या काकाचा हात हललाय."

तिनं भिंग घेतलं आणि तक्त्याला नाक लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग फोन लावला.

"हरेशकाका, दुकानात ये. शेवटच्या ओळीत चूक आहे म्हणते." फोन ठेवून माझ्याकडे वळली. "पास, आजी."

"मग बघतेस काय?" मी म्हटलं. "त्याला म्हणावं, येताना पेढे घेऊन ये."